बर्फ धरून

आप्पांच्या गोठ्याला पत्रा घालायचं ठरलं ते वानरांमुळे. फणस पिकायला लागले की वानरं कौलांवरून धावत आणि निम्मी कौलं फोडून ठेवत. एकोणीसशे तीसच्या उन्हाळ्यात एक कौल म्हशीच्या पाठीवर पडलं आणि तिनं चार दिवस दूध दिलं नाही. आप्पा रत्नागिरीच्या बंदरावर जाऊन तिथल्या वखारीचा पत्रा बघून आले. म्हणाले, "ह्याच्यावर नाचू दे वानर. घसरून पडल."

आप्पा म्हणजे माझे सासरे, राहणार मिरजोळे. माझी बायको मालन तेव्हा त्यांच्याकडेच होती, आणि त्याला कारण मी होतो. मांडवीला आमची भाड्याची एक खोली होती. मी तिथल्या शाळेत मास्तर. पुस्तकं ठेवायला जागा नव्हती म्हणून मी भिंतीला एक फळी ठोकली. ती तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी सगळ्या पुस्तकांसकट ती चुलीवरच्या बांगड्याच्या कालवणात पडली. मालन खूप हसली. पण हसता हसता तिनं ते माहेरी कळवलं, आणि आप्पा बैलगाडी घेऊन दारात हजर झाले.

"ज्याला फळी ठोकता येत नाय त्याच्याकडं पोर ठेवायची कशी?" हे ते मला म्हणाले नाहीत, गाडीवानाला म्हणाले. मी बैलांकडे बघत उभा होतो.

त्यानंतर मी दर रविवारी मिरजोळ्याला जाई, पोहे खाई आणि एकटाच परत येई. दिवाळीनंतर गोठ्याचं काम निघालं तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा कुणी न विचारता बोललो. "कैच्या किती अंतरावर लावायच्या त्याचं गणित मी करून देतो."

कैची म्हणजे छपराचा तिकोनी लाकडी सांगाडा. खाली खांब, त्यांवर कैची, कैच्यांवर आडव्या वळया आणि त्यांवर पत्रा. दोन कैच्यांमध्ये अंतर जास्त झालं की मधल्या वळया वाकतात. एवढं मला वाचून ठाऊक होतं.

आप्पा म्हणाले, "करा. मग बगू."

गावचा सुतार धाकू. त्याचं गणित तयार होतं. दोन जनावरं उभी राहतील एवढी जागा सोडायची आणि कैची लावायची. म्हणजे आठ फूट. चाळीस फुटांच्या गोठ्याला सहा कैच्या. त्याच्या बापानंही तसंच केलं होतं.

मी वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात छपरावर किती भार येतो त्याचं कोष्टक होतं. तीन वेळा आकडेमोड केली, तिन्ही वेळा पाच फूट आलं. पाच फुटांनी नऊ कैच्या.

"पाच फूट?" धाकू म्हणाला. "म्हंजे एकेका म्हशीला सवती खोली? मास्तर, भाड्यानं देताव काय?"

अंगणातली माणसं हसली. केरू मुंबईच्या गिरणीतून रजेवर आला होता, तो सगळ्यात मोठ्यानं हसला.

"भार जास्त आहे," मी म्हणालो.

"कसला भार?"

"पत्र्याचा. वाऱ्याचा. आणि..." इथे मी थांबायला हवं होतं. पण धाकूनं विचारलं होतं, आणि खोटं बोलायचं तर आधी ते सुचावं लागतं. "आणि बर्फाचा."

धाकूनं केरूकडे पाहिलं.

"बरफ म्हंजे," केरू सावकाश म्हणाला, "मुंबईत सरबतात घालतत तो?"

"तोच. थंड देशात तो वरून पडतो."

"आणि हितं?"

"इथे सहसा नाही."

त्या 'सहसा'नं माझा घात केला. माणसं पोट धरून बसली. मी सांगत राहिलो की कोष्टकात सगळा भार एकत्रच दिला आहे, त्यातून बर्फ वेगळा कसा काढायचा ते पुस्तकात नाही, आणि अंदाजानं काढला तर चुकून वाराच निघून जायचा. माझं कुणी ऐकत नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याला मी विलायतेला पत्रसुद्धा टाकलं होतं. त्याचं उत्तर पुढे वैशाखात आलं. तो वारून बावीस वर्षं झाली होती.

तेवढ्यात दारातून मालन म्हणाली, "आप्पा, नऊच लावा. उद्या बरफ पडला तर म्हशी कुठं बांधणार?"

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती माझ्या बाजूनं बोलली की त्यांच्या, ते मला कळलं नाही.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "फणस पाडलाच हाय. लाकूड मायंदाळ हाय. लाव रे धाकू, नऊ. आणि मास्तर, शिमग्यापर्यंत बरफ पडला तर मालनला घेऊन जावा. नाय पडला तर ती हितंच ऱ्हायल."

माघात गोठा उभा राहिला. गावात मला बर्फमास्तर म्हणू लागले. बाजारात कोळणीसुद्धा विचारत, "मास्तर, आज पडल काय वो?" मी छत्री घेऊन हिंडायचंही सोडलं. रविवारचे पोहे चालूच होते, पण ते गिळताना मला शिमगा किती दिवसांवर आला तेवढंच दिसे.

शिमग्यात देवीची पालखी बसते ती सहाण आप्पांच्या अंगणाला लागूनच आहे. त्या दिवशी दुपारी पालखी नाचवायला घेतली आणि गर्दी एवढी झाली की मागच्यांना दिसेना. आधी पोरं शेजारच्या बाबूच्या गोठ्यावर चढली. तोही पत्र्याचाच होता, आमचा बघून धाकूनं नुकताच बांधलेला, पण कैच्या आठ फुटांनी. पोरांमागून बाप्ये चढले. ढोल वाजत होते, तरी कडकन झालेला आवाज मला ऐकू आला. बाबूच्या छपराची मधली वळई वाकली आणि पत्रा खाटेसारखा खाली झोळला.

सुदैवानं पडलं कुणी नाही. वरची सगळी माणसं पटापट उतरली आणि तितक्याच पटापट आमच्या गोठ्यावर चढली. त्यांत शिमग्याला पुन्हा आलेला केरू होता. त्यांत धाकूही होता. तो स्वतःच्या हातच्या छपरावरून उतरून माझ्या गणितावर चढला. सुताराचं मत याहून स्पष्ट असू शकत नाही.

मी डोळे मिटून घेतले. मनात पुन्हा एकदा आकडेमोड केली. पाच फूटच आलं, पण माझं गणित चारचौघांत कधीच बरोबर येत नाही.

डोळे उघडले तेव्हा शेजारी आप्पा उभे होते. ते पालखीकडे बघत नव्हते, छपराकडे बघत होते. शिमग्याचे धुतलेले सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रा कुठे दिसतच नव्हता. आणि एकही वळई वाकली नव्हती.

आप्पांनी पन्नासपर्यंत डोकी मोजली आणि सोडून दिली.

"मास्तर," ते म्हणाले, "पडला की वो तुमचा बरफ."

"देवीनं राखलं," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

"तिनं बाबूचा का नाय राखला मग?" असं म्हणून ते मालनला हाका मारत घरात गेले. "ट्रंक भर गो!"

दुसऱ्या दिवशी मालन गाडीत बसली. गाडीत तांदूळ होते, आमसुलं होती, फणसाची एक लांब फळी होती आणि धाकू होता. फळी माझ्या हाती द्यायची नाही, असं आप्पांनी त्याला बजावलं होतं.

मांडवीच्या खोलीत धाकूनं फळी भिंतीला लावून धरली आणि तोंडातले खिळे बाजूला सारून विचारलं, "खिळे किती मारू, मास्तर? बरफ धरून सांगा."

मी थोडा विचार करून सहा म्हणालो. त्यानं मुकाट्यानं सहा ठोकले, फळीला लोंबकळून बघितलं आणि मान हलवली. मी पुस्तकं मांडली. जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचनालयाला परत करायचं राहिलं होतं, तेही ठेवलं.

मालननं ते सगळं नीट बघितलं, छान झालं म्हणाली, आणि चूल उचलून दुसऱ्या भिंतीला नेली.