चारपर्यंत येते

त्या गुरुवारी जयश्रीची सकाळची ड्युटी होती. पण त्याच दिवशी पालघरला कागदपत्रांची तपासणी लागली, आणि नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या यादीत तिचं नाव सत्ताविसावं होतं. ती निलमकडे गेली. निलम तिच्याच वॉर्डातली. म्हणाली, "करते मी तुझी सकाळ. पण माझ्या तीन संध्याकाळच्या तुला कराव्या लागतील." जयश्री लगेच हो म्हणाली. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात आठ वर्षं काढल्यावर तिला पक्कं ठाऊक झालं होतं, की इथे सुट्टी कुणी देत नाही, मिळते ती अदलाबदल.

दोन वर्षांचा कोर्स करून ती नर्स झाली होती, पण कंत्राटावर. अकरा महिने काम, एक दिवस घरी, पुन्हा अकरा महिने. कायमची भरती निघाली की वरचा डिप्लोमा मागायचे. एका वर्षी तिचा फॉर्म जात पडताळणीचा दाखला उशिरा आल्यामुळे राहिला. पुढच्या वर्षी वॉर्डात माणूस कमी, म्हणून सोडलंच नाही. यंदा ती कुणाला काही न सांगता सगळे दाखले एका फाइलमध्ये लावून तयार बसली होती. सांगितलं होतं ते फक्त सोमीला.

सोमी तिची धाकटी बहीण, नऊ वर्षांनी लहान, तिला 'बाय' म्हणणारी. बाप गेला तेव्हा सोमी आश्रमशाळेत पहिलीत होती. तिच्या वेण्या, तिच्या वह्या, तिचं पहिलं न्हाणं, सगळं जयश्रीनेच बघितलं. आता सोमी पहिल्या बाळंतपणाला तलासरीकडच्या पाड्यावर आईकडे आली होती. तारखेला अजून दोन आठवडे होते. सोनोग्राफीचे कागद, गोळ्या, वजन, सगळं जयश्रीच्या नजरेखालून गेलेलं. पाड्यावरच्या बायका सोमीला म्हणायच्या, "तुला कसली काळजी? तुझी बहीण सिस्टर हाय."

सकाळी सव्वानऊला जयश्री पालघरच्या नर्सिंग स्कूलच्या व्हरांड्यात रांगेत उभी होती, तेव्हा सोमीचा फोन आला.

"बाय, पहाटेपासून कंबर भरून आलीय."

"किती किती वेळाने दुखतंय?"

"मध्येच. आता बरं हाय."

"पाणी गेलं?"

"नाय."

"आई कुठंय?"

"भात कापाया गेलीय. बोलावू?"

जयश्रीच्या पुढे अकरा मुली होत्या. दारातला शिपाई ओरडून सांगत होता, आत जाताना फोन बंद करा. ती रोज दहा जणींना सांगायची तेच तिने सांगितलं. "पहिलटकरणीला वेळ लागतो. घाई करू नको. मी चारपर्यंत येते, मग दोघी मिळून दवाखान्यात जाऊ."

"बरं," सोमी म्हणाली.

आत एक बाई एकेक कागद मूळ प्रतीशी ताडून बघत होत्या. एका दाखल्यावरच्या आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. त्याचं हमीपत्र लिहून द्यायला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागलं. परत रांग. अडीच वाजता तिच्या हातात जागा मिळाल्याचा कागद पडला. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. जिन्यावर उभी राहून तिने फोन चालू केला. रघ्याचे, सोमीच्या नवऱ्याचे, सात फोन येऊन गेले होते.

रघ्या गाडीतूनच बोलला. "अकरा वाजता पाणी गेलं. मी बोललो चल, तर ऐकंना. बोलली बाय येतेय, बाय आली की जाऊ. आता लय दुखाया लागलं तेव्हा इको गाडी बोलावली."

"पाणी कसं होतं? रंग कसा होता?"

रघ्याने मागे विचारलं. मग म्हणाला, "हिरवंसर." बाळ आत गुदमरायला लागलं की पाणी तसं येतं.

जयश्री डहाणूला उतरली, आशागडवरून चारोटीला आली, तिथून हायवेला मिळेल त्या जीपने तलासरीला. पोचायला पाच वाजून गेले. या सगळ्या वाटेत आपण काय विचार केला, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. चारोटीला एका बाईने तिला सरकायला सांगितलं आणि ती सरकली, एवढंच आठवायचं.

तलासरीच्या दवाखान्यात सोमीला आणलं तेव्हाच बाळाचे ठोके लागत नव्हते. तिथल्या सिस्टरने जयश्रीला बाजूला घेतलं. ती पोरगी तिच्याहून लहान होती. तिने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "ताई, तुम्हाला माहितीच आहे," ती म्हणाली.

"हो," जयश्री म्हणाली.

बाळ मुलगी होती. केस भरपूर होते. जयश्रीने तिला पुसलं, कपड्यात गुंडाळलं, कुठे काय सही लागते ते रघ्याला दाखवलं. त्याने जिथे दाखवलं तिथे केली. आई, बायजी, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या लुगड्याला अजून भाताचं कुसळ चिकटलेलं होतं. तिने जयश्रीला विचारलं, "तू जेवलीस का?" संध्याकाळी रघ्या आणि त्याचे दोन भाऊ बाळाला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी जयश्री कामावर हजर झाली. निलमच्या तिन्ही संध्याकाळी तिने भरून काढल्या. त्या तीन दिवसांत पाच बाळंतपणं झाली. ती ठोके मोजत होती, वेळ लिहीत होती, रडलेल्या बाळाला आईच्या छातीवर ठेवत होती. हात बरोबर चालायचे. एकीच्या सासूने पेढा दिला, तो तिने तोंडात टाकला आणि खिडकीपाशी उभी राहून संपवला. फक्त एक गोष्ट तिला जमेनाशी झाली होती. कुणी विचारलं, "सिस्टर, अजून किती वेळ?" की ती उत्तर न देता दुसऱ्या खाटेकडे जायची.

वॉर्डच्या इन्चार्ज वसुमती सिस्टरांच्या हे लक्षात आलं. पुढच्या वर्षी निवृत्त होणारी बाई, नवरा रेल्वेत, आवाज करडा. त्यांनी तिला चहाला बसवलं.

"शाळेत हजर व्हायचं का काय करायचंय?"

"माहीत नाही, सिस्टर."

"तुमच्या पाड्याच्या खालच्या अंगाला उपकेंद्र आहे ना? तिथली बाई बदलून गेली. कंत्राटी जागा रिकामीच आहे. तुला बहिणीजवळ राहायचं असेल तर मी डॉक्टरांशी बोलते. डिप्लोमा काय, पुढच्या वर्षी."

जयश्रीने मान हलवली. त्याच संध्याकाळी तिने अर्ज लिहून काढला. लिहिताना बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. हेच करायचं असणार, असं वाटलं. अर्ज पर्समध्ये ठेवून रविवारी ती पाड्यावर गेली.

सोमी कुडाच्या भिंतीपाशी गोधडीवर बसली होती. दूध भरून येत होतं म्हणून बायजीने तिच्या छातीला फडकं आवळून बांधलं होतं, तरी पोलकं ओलं झालेलं. जयश्रीने कपाळाला हात लावून ताप बघितला, गोळ्या मोजल्या. मग सांगितलं, "मी इकडच्या उपकेंद्रात येतेय. शाळेत नाही जात. रोज तुझ्याकडे येईन."

बायजी कळशी घेऊन बाहेर पडली तेव्हा सोमी म्हणाली, "तू फोनवर बोललीस ते मी कुणाला नाय सांगितलं."

जयश्रीने हातातलं गोळ्यांचं पाकीट खाली ठेवलं.

"रघ्याला पण नाय, आईला पण नाय. सगळी बोलतात सोमी हट्टी, सोमीने ऐकलं नाय. बोलू दे."

"मी सांगते त्यांना. आत्ता सांगते."

"नको. सांगून काय होईल?" सोमीचा आवाज चढला नव्हता. "पण तू इकडे नको येऊ, बाय. रोज सकाळी तू दारातनं आत येशील, आणि मी तुझं तोंड बघीन. मला नाय जमायचं ते. तू जा शिकाया."

"सोमी—"

"तुझा राग नाय करीत मी. करायचा असता तर सांगितलं नसतं का सगळ्यांना? पण जा."

बायजी पाणी घेऊन आत आली. तिघींनी भाकर आणि सुक्या मासळीचं कालवण खाल्लं. निघताना जयश्रीने सोमीच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं लावून ठेवली, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. सोमी तोंड फिरवून झोपली होती, की तशी पडली होती.

सोमवारी तिने वसुमती सिस्टरांकडे अर्ज नेला, तो राजीनाम्याचा. त्यांनी चष्मा वर करून वाचला. "नक्की?"

"हो."

"बहीण?"

"तीच म्हणाली."

सिस्टरांनी सही केली, आणि ड्युटीच्या तक्त्यातलं तिचं नाव पट्टी लावून सरळ रेघेने खोडलं.

शेवटच्या तारखेला जयश्री पालघरला हजर झाली. क्लार्कने अनुभव विचारला. "आठ वर्षं," ती म्हणाली. "त्याचा इथे काही उपयोग नाही, पहिल्याच वर्षाला बसावं लागेल," तो म्हणाला, आणि तिने बरं म्हटलं. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या. त्या तिला ताई म्हणू लागल्या. बाईंनी बाळंतपणाचे टप्पे फळ्यावर लिहिले तेव्हा पोरी आ वासून ऐकत होत्या. जयश्रीने बाकी सगळ्यांसारखंच वहीत उतरवून घेतलं, तास, मिनिटं, सगळं. अक्षर नीट आलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सोमीचा पहिला फोन आला. भाताची झोडणी झाली म्हणाली. शेळीला दोन पिल्लं झाली. रघ्या आता तलासरीच्या कंपनीत लागला, त्याची पण पाळी असते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. जयश्री हूं हूं करत राहिली. बातम्या संपल्या तरी फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे कुणीतरी कोंबडी हाकलत होतं, ते ऐकू येत होतं.

"जेवलीस?" सोमीने विचारलं.

"नाही अजून. एक वाजता मिळतं."

"मग जा, जेव," सोमी म्हणाली.

जयश्री ताट घेऊन मेसच्या रांगेत उभी राहिली.