चार नंबरच्या खोलीतलं तीर्थ

या, पुढे सरका. मागे बसणाऱ्याला नुसते टाळ ऐकू येतात, कथा पुढच्यांच्याच पदरात पडते. आज पळीभर पाण्याची कथा आहे. फार लांबायची नाही.

तर श्यामरावांनी देव्हाऱ्यातला पितळी विठोबा उचलला आणि गमछ्यात गुंडाळला. त्यांच्या बायकोचं, वसुंधराबाईंचं, गंधाचं बोट तसंच हवेत राहिलं.

"अहो, त्याले कुठं नेऊन राहिले?"

"चार नंबरात."

"चार नंबरात? देवाले?"

"दोन घंट्याचं काम आहे. साहेब येईन, पाहून जाईन, की देव परत घरात. तू गलका नको करू."

हिंदी मुलखातल्या कॅम्प-१ या कामगार वस्तीत त्यांच्या घरामागे ओळीने चार खोल्या होत्या. पोलादाच्या प्लांटातून क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर श्यामरावांनी त्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. यंदा निगमचा, म्हणजे महापालिकेचा, नवा नियम आला होता: भाड्याच्या खोल्यांना परवाना हवा, आणि परवान्याआधी साहेब येऊन खोल्या बघणार. पहिल्या तीन खोल्यांचं काही नव्हतं. चौथीच्या भिंतीला लागून संडासाची टाकी होती. ती भिंत कमरेइतकी काळी पडलेली, आणि फरशीच्या सांध्यांतून बारा महिने पाणी वर यायचं.

त्या खोलीत भागाबाई राहत होती. पावर हाउस भागातल्या बाजारात भाजी विकणारी एकटी बाई. फरशीवर विटा, विटांवर फळी, फळीवर अंथरूण, असा तिचा संसार. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, त्या कधी बऱ्याच होत नव्हत्या. तीन वर्षं ती सांगत होती, आणि तीन वर्षं श्यामराव एकच उत्तर देत होते, "एवढ्या भाड्यात तुले काय बंगला भेटते, भागाबाई?" टाकी उपसून भिंत नव्याने बांधा, असं वसुंधराबाईही म्हणून थकल्या होत्या. दिवाळी झाली की बांधू. दिवाळ्या येत होत्या, जात होत्या. आता एकदा परवाना हाती आला की ती भिंत कोणी बघायलाही येणार नव्हतं.

आणि हेच श्यामराव श्रावणात कीर्तनाला पहिल्या रांगेत! संतांना लोकांनी कसं छळलं हे बुवा सांगू लागले की सगळ्यांत आधी यांचं उपरणं डोळ्यांना. त्यांचे डोळे बघून बुवांनाही चेव यायचा.

सकाळीच श्यामरावांनी भागाबाईचं गाठोडं गच्चीवर टाकलं होतं, फळी आणि विटा गल्लीत काढल्या होत्या. टोपली डोक्यावर घेऊन निघताना ती दारात थांबली होती.

"काकाजी, सांजेले येऊ ना मी परत?"

"ये ना. कोन नाही म्हनते? फक्त अंधार पडू दे."

मग काळ्या भिंतीवर निळा रंग फासला गेला. फरशीवर सतरंजी, सतरंजीवर चौरंग, दाराला झेंडूचं तोरण. श्यामरावांनी अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवून भिंतीकडेला खोचला आणि चौरंगावर विठोबा मांडला.

"पाह्य, साक्षात मंदिर झालं!"

वसुंधराबाई पूजेचं साहित्य घेऊन आत आल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या. अगरबत्तीचा वास आणि टाकीचा वास एकमेकांत शिरून तिसरंच काही झालं होतं. त्यांनी पदर नाकाला लावला. माहेराहून आलेला आपला देव, ह्या घाणीत! नवऱ्याच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात कोपऱ्यात, सतरंजी संपत होती तिथं, त्यांना फरशीवरचे विटांचे ओले चौकोन दिसले. भागाबाईच्या फळीखालच्या विटांचे. वसुंधराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नाकावरचा पदर काढला आणि तो वास पुरता आत घेतला.

निगमचे देवांगन साहेब आले ते घाम पुसतच. माणूस सरळ होता. पहिल्या तीन खोल्यांत त्यांनी खिडक्या उघडून बघितल्या, नळ सोडून बघितले. चौथ्या दाराशी श्यामराव हात जोडून आडवे उभे राहिले.

"ये किराये का नहीं है साहब. हमारा पूजाघर है. किराये के तीन ही कमरे हैं."

देवांगननी बुटांकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, आणि बाहेरूनच नमस्कार करून वळले. श्यामरावांनी श्वास सोडला.

"साहेब," आतून वसुंधराबाईंचा आवाज आला, "भगवान के दरवाजे तक आए और परसाद नहीं लोगे?"

श्यामरावांनी डोळे वटारले. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. आता देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं? देवांगन ओशाळं हसले, बूट काढले आणि मोज्यांवर आत आले. दुसऱ्याच पावलाला थांबले. पाय उचलून पाहिला. करडा मोजा टाचेपासून काळा झाला होता.

"यहाँ पानी कैसा?"

"अभिषेक हुआ ना साहब, सुबह!" श्यामराव चटकन हसले. "तीर्थ है, तीर्थ! आपके पाँव को लगा, बडी शुभ बात है."

वसुंधराबाईंच्या हातातलं पंचपात्र कोरडं होतं. आज अभिषेक सोडाच, देवाला गंधसुद्धा लागलं नव्हतं. त्यांनी पंचपात्र चौरंगावर ठेवलं. खाली बसल्या. सतरंजीची कड धरून मागे उलटवली. खचलेल्या फरशीत पिवळट काळं पाणी साचलं होतं, त्यावर फेसाची साय. बाईंनी त्यात पळी बुडवली, काठोकाठ भरली, आणि न सांडता नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घ्या."

पळी दिसली की हात पुढे व्हायचा, ही श्यामरावांची जन्माची सवय. डाव्या तळव्यावर उजवा ठेवून त्यांनी हात पुढे केले, मान खाली घातली, ओठसुद्धा विलगले. मग वास आला. हात तिथंच गोठले. पुढे येईनात, मागे जाईनात.

"तीर्थ म्हनाले ना तुमी? मंग घ्या. रोज माह्या हातचं घेता."

पळीच्या टोकावर एक थेंब जमत होता. देवांगन उंबऱ्यावर बसून मोजे काढू लागले. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी ते बाहेर टाकले.

"काकाजी, यहाँ रहता कौन है?"

श्यामरावांनी देवाकडे पाहिलं.

"भागाबाई," वसुंधराबाई म्हणाल्या, आणि पळी फरशीवर रिकामी केली.

परवाना मिळाला नाही. आधी टाकी उपसा, भिंत बांधा, मग बोलवा, असं सांगून साहेब अनवाणी पायांत बूट चढवून गेले. श्यामराव कितीतरी वेळ मोरीत साबणाने हात धूत बसले होते, त्या हातांना काही लागलेलं नसताना.

सांजेला भागाबाई रिकामी टोपली घेऊन आली, ती अंधार पडायची वाट बघत गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली. वसुंधराबाईंनी तिला हाताला धरून समोरच्या दाराने आत आणलं. श्यामरावांची भजनी मंडळी जिथे बसायची, त्या बैठकीतल्या कोरड्या फरशीवर तिचं अंथरूण घातलेलं होतं.

"बाई, काकाजी काही म्हनतीन ना वो."

"म्हनू दे. तू पाय पूस आधी."

जेवणं झाली तेव्हा श्यामराव कुणाचंही तोंड न बघता म्हणाले, "देव तरी घेऊन ये आता तिथून. राती त्या घानीत ठेवतं काय त्याले?"

वसुंधराबाई उठल्या. गल्लीतून भागाबाईची एक वीट उचलून त्या चार नंबरात गेल्या. चौरंग बाहेर काढला. ओल्या फरशीवर वीट ठेवली आणि विटेवर विठोबा. कपाळी गंध लावलं, सकाळचं राहिलेलं. परत आल्या त्या रिकाम्या हाताने.

"भिंत वाळेपर्यंत राहू द्या त्याले तिथंच," त्या म्हणाल्या. "विटेवर उभं राहाची सवय आहे त्याची."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला.

एवढीच कथा. आता उठण्याआधी एक मागणं आहे. पुढच्या वेळी कुणी तुमच्या तळव्यावर पळीभर तीर्थ घालेल, तेव्हा ते ओठांना लावण्याआधी क्षणभर थांबा, आणि भागाबाईच्या पायांची आठवण करा.