पत्ते कुणाच्या नावावर

तिने इंटरनेटच्या जुन्या लाइनची वायर प्रयोगशाळेच्या राउटरमधून काढली, नव्या कंपनीची खोचली आणि पडद्याकडे पाहत राहिली. एकही दवाखाना जोडला गेला नाही.

"मॅडम, हे इंटरनेटवरचे पत्ते, आयपी अॅड्रेस, तुमचे नाहीत," नव्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. "जुन्या कंपनीचे आहेत. लाइन सोडली की पत्तेही गेले."

"असं कसं? आमच्या संस्थेच्या नावावर नोंदवलेत. कंपनी बदलली तरी मोबाइलचा नंबर तोच राहतो ना, तसं."

त्याने नोंदणीचं पान उघडून लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मालकाच्या रकान्यात जुन्या कंपनीचं नाव होतं. तिने जुनी वायर परत लावली.

प्रयोगशाळेचं नेटवर्क ती सुरुवातीपासून, म्हणजे नऊ वर्षं, सांभाळत होती. एकेचाळीस दवाखान्यांतली यंत्रं रक्ताचे रिपोर्ट त्याच पत्त्यांवर धाडत. प्रत्येक यंत्रात ते तिने स्वतः जाऊन भरले होते. नोंदणीचं काम तेवढं दादाने अंगावर घेतलं होतं. सख्खा थोरला भाऊ, त्याच जुन्या कंपनीत विक्री बघायचा. "तू निर्धास्त राहा," म्हणाला होता. ती राहिली होती.

जिन्यात जाऊन तिने त्याला फोन लावला.

"दादा, पत्ते कुणाच्या नावावर आहेत?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"अगं, तेव्हा घाई होती. तुम्ही आमची कंपनी सोडाल असं वाटलंच नाही."

"नऊ वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"घरातल्या घरात काय बोलायचं त्यात?"

तिने फोन ठेवला. ती थेट संचालकांच्या खोलीत गेली.

"चूक माझी आहे, सर. नोंदणी मी नजरेखालून घातली नाही. शनिवारी जुनी लाइन बंद होतेय. त्याआधी एकेचाळीस यंत्रांतले पत्ते बदलावे लागतील."

दादाचं नाव तिने काढलं नाही.

संचालकांनी चष्मा पुसला.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा संस्थेला स्वतःचे पत्ते मिळायला दोन महिने लागणार होते, आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. तुझा दादाच म्हणाला, तिला सांगू नका, ती अडून बसेल. मलाही पटलं."

खुर्ची ओढायला पुढे केलेला तिचा हात तिथेच थांबला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"झालं ते झालं. अहवालात आत्ता म्हणालीस तसंच लिही. विषय मिटेल."

जागेवर येऊन तिने अहवाल लिहिला. कुणी काय ठरवलं आणि कुणापासून लपवलं, एवढंच. दादाच्या नावापाशी बोटं अडखळली, मग तेही लिहून तिने तो विश्वस्तांना पाठवला. नंतर दवाखान्यांची यादी पुढ्यात घेऊन पहिला नंबर फिरवला.

"सिस्टर, यंत्राजवळ आहात का? नव्या कंपनीचा पत्ता सांगते, लिहून घ्या. पण दोन महिन्यांनी हाही बदलायचाय."

"परत? का हो?"

"कारण हाही आपला नाहीये," ती म्हणाली, आणि सावकाश एकेक आकडा सांगू लागली.