नाकाच्या पुढचं इंग्रजी

ॲनिशाच्या पायाला भिंगरी आहे, असं तिचा बाप म्हणायचा, आणि ऑगस्टीन उगाच बोलणारा माणूस नव्हे. पोर इंग्लंडात, स्विंडनला जन्मली, तिथेच वाढली. आधी नर्सिंगला गेली, ते मध्येच सोडलं. मग फोटोग्राफीचं खूळ. कॅमेरा अजून कपाटात पडून आहे. मग एका बँकेत चिकटली, तर तिथे जीव गुदमरायला लागला. आपण कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेच कुठे जमत नव्हतं. शेवटी तिने एका संस्थेकडे नाव घातलं. परदेशातल्या खेड्यात जायचं आणि तिथल्या मुलांना फुकट इंग्रजी शिकवायचं. संस्थेने गावं कळवली, केनियातलं एक, कंबोडियातलं एक, आणि तिसरं कामण, जिल्हा पालघर; तिने तेच धरलं.

आता गंमत बघा. ऑगस्टीन मूळचा वसईचा. कामणहून वसईला जायला काय विमान लागतं? त्याची आई म्हातारपणी स्विंडनला जाऊन राहिली होती आणि त्या बाईने मरेपर्यंत इंग्रजीचा एक शब्द जिभेला लागू दिला नाही. ॲनिशा तिच्याच मांडीवर वाढली. त्यामुळे पोरीला मराठी सगळी कळायची. बोलायची मात्र अगदी म्हातारीसारखी, वसईच्या जुन्या कॅथलिक घरांतल्या वळणाची. पण संस्थेचा देवेंद्र तिला घ्यायला विमानतळावर आला तेव्हा त्याने विचारलं, "हिंदी येतं?" तिने खरं ते सांगितलं, "नाही." "बेस्ट! आपल्या वर्गात इंग्लिश ओन्लीच असतं," तो म्हणाला. मराठी येतं का, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

आणि हिनेही मूग गिळले. का, तर मराठी येतं म्हटलं की मग ती कसली परदेशातून आलेली टीचर? ती आत्याकडे सुट्टीला आलेली भाची! सेवा करायची तर ती लांबून येऊनच केली पाहिजे, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. तरुण वय, दुसरं काय.

राहायची सोय मंदाकडे केली होती. मंदा पन्नाशीची बाई. नवरा रस्त्यापलीकडच्या गोदामावर वॉचमन, लेकी लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळे एक खोली रिकामी. पाहुणी लंडनची म्हणून मंदाने पहिल्या दिवशी दुधी उकडला, वर मीठ भुरभुरवलं आणि प्रेमाने ताट पुढे सरकवलं. चुलीवर घरच्यांसाठी सुक्या बोंबलांचं कालवण रटरटत होतं. त्या वासाने ॲनिशाचा जीव कासावीस झाला.

"बिचारीला तिखट सोसत नाय," मंदा शेजारणीला तिच्यासमोरच म्हणाली. "तिला काय कळनार बोंबलाची लज्जत! गाढवाला गुळाची चव काय!"

ॲनिशाने हसून "थँक यू" म्हटलं आणि दुधी गिळला. आपण होऊन पांघरलेलं सोंग, मग सोसायलाच हवं की.

वर्ग समाजमंदिरात भरायचा, मुलं शाळेतून आली की. पहिल्या दिवशी ॲनिशाने स्वतःच्या नाकाला बोट लावलं आणि म्हणाली, "धिस इज माय नोज." मुलं तिच्याकडे अशी बघायला लागली की जणू नाक हा प्रकार जन्मात पहिल्यांदा बघताहेत. एकाने कान धरला. एकीने हनुवटी धरली. ॲनिशाने पुन्हा सांगितलं, हावभाव करून सांगितलं, फळ्यावर भलंमोठं नाक काढलं. आणि मग सगळ्या वर्गाने एकसाथ, एका दमात, "धिस इज माय नोज!" म्हणून आरोळी ठोकली. तिच्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले. नर्सिंग, फोटोग्राफी, बँक, सगळं त्या एका आरोळीने भरून निघालं.

तेवढ्यात मागच्या ओळीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बस. नाक झालं. कान उद्या."

ती प्रियल होती. सातवीतली, दोन वेण्यांची, वर्गाची मुकादमच म्हणा. "जयराम, उद्या तू चुकायचं," ती पुढे म्हणाली. "पन लय नको चुकू, मागच्या टीचरला संशय आलेला."

"मी नाय. माझीच बारी का दर टायमाला?" जयराम कुरकुरला.

"बघ ना तिच्याकडं. रडतेय ती आनंदानं. होऊ दे की खूश."

झालं. ॲनिशाचं हसू तोंडावरच थिजलं. मुलांना नाक येत होतं. कान येत होता, डोळे, गुडघे, घोटासुद्धा येत होता. तिच्याआधी चार-पाच टीचर येऊन गेल्या होत्या, कुणी कुठून, कुणी कुठून, आणि प्रत्येकीने नाकापासूनच सुरुवात केली असणार. प्रत्येक वेळी या पोरांनी नव्याने अडाणी व्हायचं आणि नव्याने शिकायचं. पाहुण्याचं मन मोडू नये, हे यांच्या घरोघरी शिकवलेलं. पण म्हणून इतकं?

लाज वाटली तिला. मग राग आला. मग पुन्हा लाज. बरं, सांगावं तर कसं सांगावं? मला सगळं समजतंय म्हटलं असतं तर मुलं शरमेने मेली असती, मंदा तर गाढवाच्या आठवणीने जमिनीत गेली असती. न सांगावं तर रोज ती नाटकाची तालीम बघायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि जितके दिवस गप्प राहावं, तितकं बोलणं अवघड होत गेलं.

तिला एका जागी बसवेना. वर्ग सुटला की ती भिवंडी रस्त्याने चालत सुटायची, कंटेनरच्या धुळीतून, चिंचोटीच्या दिशेने. धबधब्याला तिकडे पावसाळ्यात माणसं लोटतात; ऐन माघात वाटेवर काळं कुत्रं नव्हतं. थोडं चालायचं, दगडावर बसायचं, फोन काढून परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणता येते का बघायचं, फोन ठेवायचा, उठायचं, परत फिरायचं. "हिच्या पोटात दुखतंय का काय?" मंदा शेजारणीला विचारायची. "घडीभर टेकत नाय पोर."

रविवारी ती वसईला आत्याकडे जायची. संस्थेला सांगितलं होतं, चर्चला जाते. खोटं नव्हतं, मिस्साला जायचीच. रोझलीन आत्या ऑगस्टीनची थोरली बहीण, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. एकदा तिने इंदेलची, म्हणजे डुकराच्या आंबटतिखट मटणाची वाटी पुढे ठेवली आणि पोरगी तिच्यावर तुटून पडली, तेव्हा आत्याला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"उपाशी ठेवतात गो तुला?"

मग ॲनिशाने सगळं सांगितलं. नाक, जयरामची बारी, दुधी, सगळं. आत्या आधी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आत्या, हसू नको ना. मी उद्या तिकीट बदलते. इथे माझी गरजच नाहीये कुणाला."

आत्याचं हसू थांबलं. "म्हणजे हेपण सोडणार."

"हे सोडणं नाही. हे खोटं आहे."

"मग खरं कर! तोंड दिलंय ना देवाने? त्यांना माहीत नसलेलं शिकव काहीतरी. ते नाटक करतात म्हणून तू रडतेस, आणि तू काय करतेस गो? तुझं तर त्यांच्याहून मोठं नाटक." आत्याने वाटी उचलली. "तुझा बाप फोनवर विचारतो, ॲनिशा काही शेवटाला नेईल का कधी? मी काय सांगू त्याला?"

हे मात्र वर्मी लागलं. पोरगी तरातरा उठली आणि न जेवता निघाली. म्हणजे, अर्धी जेवून.

सोमवारी ती वर्गात गेली ती पेटूनच. नाक नाही, कान नाही. तिने फळ्यावर एक अख्खी गोष्ट लिहायला घेतली, इंग्रजीतून. नदी, होडी, होडीत म्हातारा. एकेक वाक्य लिहायची आणि वळून विचारायची, "हू इज इन द बोट?"  आता मुलं खरोखर बिथरली होती. हे त्यांच्या ठरलेल्या खेळात नव्हतं. मग जयरामने घाबरत घाबरत नाकाला बोट लावलं आणि म्हणाला, "नोज?"

"नो!" ॲनिशा ओरडली. खडू तिच्या हातातून निसटून खाली पडला.

 मागे कुजबुज सुरू झाली.

"हिला झालंय काय आज?"

"घरची आठवन येत असंल."

"ही पन जानार वाटतं," प्रियल म्हणाली. "लवकरच. जायच्या आधी सगळ्या अशाच करतात."

बस, तिथे बांध फुटला. "मला समजते सगळं," ॲनिशा म्हणाली. मराठीत म्हणाली, आजीच्या वळणाने, आजीच्या हेलात. "पहिल्या दिसापासून समजते. तुमचं नाक, तुमचा कान, उद्या कोण चुकणार, सगळं."

 मग एक लहानगी फिसकन हसली, कारण टीचर पँट घालून आजीबाईसारखं बोलत होती. तिचं हसू ऐकून आणखी दोघं हसली. पण प्रियल हसली नाही. ती लालबुंद झाली, उभी राहिली, पुन्हा बसली. दाराशी मंदा चहा घेऊन आली होती, तिच्या हातातला कप हिंदकळला.

"अगं बाय माझे!" मंदा म्हणाली. "म्हंजे ते गाढवाचं...?"

"तेपण," ॲनिशा म्हणाली. "मला बोंबील आवडतात, मावशी. लय आवडतात."

मंदाने कपाळाला हात लावला, चहा तिथेच ओट्यावर ठेवला आणि घराकडे पळाली. मुलं आता मोकळी हसत होती. ॲनिशालाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, दोन्ही एकदमच. ती खाली मांडी घालून बसली, मुलांच्या पातळीला.

"मी रागवले नाही," ती म्हणाली. "पण मला सांगा, का करता असं? माझं मन राखायला?"

 सगळ्यांनी प्रियलकडे बघितलं. प्रियल वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पहिले नव्हतो करत," ती शेवटी म्हणाली. "पहिली टीचर आली ना, तिनं गोष्टीचं पुस्तक आनलेलं. जाडं. एक पोरगी असते आनि तिचा भाऊ हरवतो, आनि ती त्याला शोधत जहाजावर चढते. टीचर रोज थोडं थोडं सांगायची. आमी पाठ करायचो. सगळे शब्द. मला तर सपनात यायची ती पोरगी." तिने वेणी सोडून दिली. "मग टीचर गेली. पुस्तक घेऊन गेली. बोलली, मी परत येनार, मग पुढचं."

"आली?"

प्रियलने मान हलवली. "भाऊ सापडला का नाय, आमाला अजून नाय माहीत. जयराम बोलतो, बुडाला."

"बुडाला नाय तर काय!" जयराम पुटपुटला. यावर त्यांची याआधी पुष्कळ भांडणं झालेली दिसत होती.

"मग दुसरी आली. तिनं पन काय ते मोठं सुरू केलं, गाणी बसवायला घेतली. तीपन अर्ध्यात गेली. मग आमी ठरवलं." प्रियलने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "नाक, कान बरं असतं, टीचर. ते संपतं."

 इतके दिवस ॲनिशा समजत होती, पोरं आपली कीव करताहेत. पोरं स्वतःला जपत होती. प्रत्येक येणाऱ्या बाईपासून, तिच्या उत्साहापासून, तिच्या जाडजूड पुस्तकापासून.

"व्हेन यू गोइंग?" प्रियलने विचारलं. इंग्रजीत. ते कुणी तिला पढवलेलं नव्हतं. तिला हवं होतं म्हणून तिने शब्द जुळवले आणि विचारलं.

ॲनिशाच्या ओठांवर "मी परत येईन" आलं. अगदी खरंखुरं, मनापासून आलं. मुदत वाढवून घेते, असंही आलं. आपण सहा महिने राहू, वर्षभर राहू, इथेच राहू. आणि त्या क्षणी तिला स्वतःची भीती वाटली, कारण बँकेतसुद्धा पहिल्या दिवशी तिला असंच वाटलं होतं. 

"पुढच्या शनिवारी," ती म्हणाली. "तिकीट काढलेलं आहे."

आजवर कुणी तारीख सांगितली नसावी. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. जयराम बोटांवर काहीतरी मोजायला लागला, मध्येच चुकला, पुन्हा मोजायला लागला. प्रियलने त्याच्या हातावर चापट मारली. तिचं मोजून झालं होतं. तिने दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीचं टोक तपासलं.

"मग तेवढ्यात संपंल असं काहीतरी शिकवा," ती म्हणाली.