सरूबायची धार

तानसा नदीच्या काठच्या पाड्यावर हौसाने दारू बंद केली ती अशी, की रानातल्या मोहालासुद्धा फुलायची धास्ती वाटावी. बायकांची टोळी घेऊन ती घरोघर फिरली आणि दारूची हंडी दिसली की दगड घातला. थेंब म्हणजे थेंब नको, अधलंमधलं काही नाही, हा तिचा खाक्या. यात पहिला दगड कुणाचा, तर तिच्या सासूचा, सरूबायचा. सरूबायचा नवरा दारूपायीच गेला होता, म्हणून तिचा नेम कधी चुकला नाही.

तीच सरूबाय मरताना जे बोलली त्याने हौसाच्या पायाखालची जमीन सरकली. म्हातारीने सुनेचा हात धरला आणि स्वच्छ सांगितलं, "माज्या दिवसाला मोहाची धार सोड गो. माजी आय, तिची आय, सगळ्या तिकडं बसल्यात. मी त्यांच्यात कोरडी कशी जाऊ?"

पाड्याची रीत तशीच. माणूस गेला की त्याच्या दिवसकार्याला पळसाच्या पानावर भात वाढायचा आणि पानाशेजारी जमिनीवर दारूची धार सोडायची, म्हणजे तो पितरांत जाऊन बसतो. बंदी आल्यापासून लोक पाण्याची धार सोडत होते. निदान हौसाची तशी समजूत होती.

तिला रडू यायच्या आधी राग आला. म्हातारी जन्मभर खोटं वागली, नाहीतर मरताना भ्रमली. दोन्हींपैकी एक काहीतरी असलंच पाहिजे, असं ती धरून बसली. नवऱ्याला, गणूला, विचारलं तर तो म्हणाला तू म्हणशील तसं, आणि गुरं सोडायला निघून गेला. शहाणा माणूस. अशा वेळी त्याला गुरांची आठवण हमखास होते.

पण आईचा शब्द मोडला तर गणू उभ्या जन्मात बोलून दाखवणार नाही आणि विसरणारही नाही, हे हौसाला ठाऊक होतं. तिला स्वतःलाही तो शब्द टाकवेना. ज्या बाईने सून म्हणून नाही, पोटची पोर म्हणून वागवलं, तिला कोरडी कशी पाठवायची? आणि धार सोडायची म्हटली तरी दारू आणायची कुठून? हंड्या तर हिनेच फोडलेल्या.

दिवसकार्याच्या सकाळी ती मान खाली घालून बुध्याकडे गेली. पूर्वी सगळ्यांत जास्त हंड्या त्याच्याच फुटल्या होत्या. आता तो भातसानगरला मजुरीला जाई. बुध्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि आपल्या एकेका हंडीची आठवण काढून तिला मनसोक्त चिमटे घेतले. हौसाने ऐकून घेतलं. मग तो आत गेला आणि देवाच्या कोपऱ्यातल्या सुपामागून एक बाटली घेऊन आला.

हौसा भडकली. बंदीच्या पाड्यात बाटली?

"ही दारू नाय, देवाची हाय," बुध्या शांतपणे म्हणाला. "घराघरांत हाय. आमी तुज्यापुढं पाणी सोडतो न् तू गेलीस का खरी धार. तुज्या सासूनंच सांगितलं व्हतं, येवढी ठेव म्हणून."

"तिनं तर तुज्या हंड्या फोडल्या, दादा."

"फोडल्या. त्या पिण्याच्या व्हत्या, ही देण्याची हाय. म्हातारीनं दोनी मनापासून केलं. येकच खरं धरायची खोड तुजी, तिची नाय."

हौसा हसायला गेली आणि तिथेच ढसाढसा रडली. सासू खोटी नव्हती आणि भ्रमलीही नव्हती. खोटं वागायला लावलं होतं ते हौसाच्या बंदीने, साऱ्या पाड्याला. तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं.

बुध्या म्हणाला, पदराखाली ने. तिने डोळे पुसले आणि बाटली हातात धरून भर पाड्यातून निघाली. वाटेत निर्मला आडवी आली. टोळीत हौसाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहणारी ही बाई. तिचा नवरा सुरेंद्र पूर्वी पिऊन तिला मारायचा, बंदीनंतर माणसात आला होता.

"आज धार, उद्या पेला," निर्मला म्हणाली. "मग माज्या घरी काय व्हईल, ते तुला ठावं हाय."

हौसाने वाद घातला नाही, कारण निर्मलाचं चुकत नव्हतं. "तुजं खरं हाय," ती म्हणाली. "म्हातारीचं पण खरं हाय. मला दोनी पाळायचं हाय. तू संगती बस."

अंगणात माणसं जमली. पानावर भात वाढला गेला. हौसाने सगळ्यांदेखत सांगितलं की यापुढे धार उजेडात सोडायची, माझ्यापासून लपवायची नाही, आणि पेला मात्र कुणाच्या हातात दिसता कामा नये. मग तिने धार सोडली. मोहाचा वास अंगणभर पसरला.

बाटली अर्धी उरली, आणि सुरेंद्रने पानाचा द्रोण पुढे केला. पितरांचं उरलेलं घोट घोट वाटून घ्यायचं असतं, तो म्हणाला. लबाड खरा, पण रीतही तशीच होती. सगळे हौसाच्या तोंडाकडे बघू लागले. नको म्हणायला तिला कितीसा वेळ? पण तिचा तो नकार ती अंगणात उभी असेपर्यंतच चालणार होता. पुढचं सारं निर्मलाच्या घरात घडायचं होतं.

तिने बाटली निर्मलाच्या हातात दिली आणि म्हणाली, "उरलेल्याचं तू ठरव."

निर्मलाने नवऱ्याकडे पाहिलं, चांगला वेळ घेऊन पाहिलं. सुरेंद्रचा द्रोण हळूहळू खाली आला. मग ती पानाजवळ बसली, तिने बाटली उपडी केली आणि शेवटचा थेंब मातीत जिरेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"पी गो सरूआये," ती म्हणाली. "पोटभर पी. तुज्या आयेला पण दे."