जिभेच्या टोकाची सवलत

मास्तरांच्या घरी मीठ हा चेष्टेचा विषय नव्हता. घराच्या पुढच्या खोलीतल्या शिलाईच्या दुकानात हा माणूस इतका गरीब, की गिऱ्हाइकाने तीनदा माप बदललं तरी हसून "बरं" म्हणायचा आणि शिवण उसवायला घ्यायचा. पण ताटावर बसला की कुठून अंगात यायचं कोण जाणे! रस्सा जरा खारट झाला की वाटी सर्रकन पुढे सरकायची. "आज मिठाची पिशवीच उपडी झाली वाटतं?" आणि अळणी झाला तर, "कोण आजारी आहे घरात?" लग्नाला इतकी वर्षं झाली, केस पिकले, सून आली, पण वाटी सरकायची ती सरकायचीच.

लग्नानंतरच्या पहिल्या रमजानात मास्तरीणबाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. रोजा असताना पाण्याचा थेंबही गिळायचा नाही, मग मीठ कळायचं कसं? तेव्हा सासूने त्यांना जवळ घेतलं होतं.

"अगं वेडे, त्याला सवलत आहे. एरवी उगाच काही चाखू नये. पण जिचा नवरा जेवणावरून घर डोक्यावर घेतो, तिने जिभेच्या टोकावर थेंब ठेवावा, मीठ कळलं की थुंकून टाकावा, चूळ भरावी. घशाखाली काही जाऊ द्यायचं नाही, बस्स. रोजा मोडत नाही." आणि मग पदर तोंडाला लावून म्हातारी हसली होती. "माझ्या लेकाने तुला एवढं तरी मिळवून दिलं!"

ती सवलत मास्तरीणबाईंनी जन्मभर वापरली, आणि जरा तोऱ्यातच वापरली. पुढे सुनेने विचारलं, "अम्मी, मीपण चाखू का?" तर म्हणाल्या, "तुला कसली सवलत? तुझा नवरा म्हणजे नुसती गाय. दगड शिजवून वाढलास तरी छान म्हणेल." मुलगा नोकरीसाठी परगावी होता. त्याने फोनवर हे ऐकलं आणि खरंच म्हणाला, "छान."

यंदा रमजानच्या थोडं आधी मास्तरीणबाईंना ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आधी वाटलं, येईल चार दिवसांत. कसली येते! साखर खाल्ली काय, मीठ खाल्लं काय, जिभेला नुसती वाळू. मिरची तेवढी झोंबायची. वासाचंही तेच. एकदा दूध करपून काळं झालं आणि त्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

कुणाला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सून गुणी, दवाखान्यात नर्स, जीव लावणारी. तिने लगेच हातातला डाव काढून घेतला असता आणि म्हटलं असतं, "अम्मी, आता तुम्ही आराम करा." त्या आरामाचीच त्यांना धास्ती होती. त्यांच्या आईला असंच प्रेमाने एका कोपऱ्यात बसवलं होतं सगळ्यांनी, आणि त्या कोपऱ्यात बसून आई दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायची. शेवटपर्यंत.

रमजान लागेपर्यंत निभावलं. "बघ गं, मीठ ओळखता येतं का तुला," असं म्हणून त्या सुनेलाच चाखायला लावायच्या. पण आता सुनेचाही रोजा. वर तिची ड्यूटी संध्याकाळची; ती दवाखान्यातच रोजा सोडायची आणि तिथेच डब्यातलं खायची. डबाही आवारातल्या खानावळीतला, आणि पहाटे रोजा धरण्याआधी घरात नुसतं दूध-पोळी.

पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी रश्शाचा थेंब जिभेच्या टोकावर ठेवला. काहीच नाही. थुंकल्या, चूळ भरली, पुन्हा ठेवला. काहीच नाही. पूर्वी हात अंदाजाने मीठ टाकायचा आणि जीभ त्याची चूक सुधारायची. आता हाताला वाली उरला नव्हता. शेवटी त्यांनी डोळे मिटले, आणखी एक चिमूट टाकली आणि झाकण ठेवलं.

मास्तरांनी खजूर खाऊन रोजा सोडला, नमाज पढला आणि ताटावर बसले.  मास्तरीणबाईंची नजर त्या वाटीवर. मास्तरांनी एक घास घेतला. जरा थांबले. दुसरा घेतला. वाटी काही सरकली नाही.

"आणखी वाढ," मास्तर म्हणाले.

असा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मास्तर खाली मान घालून जेवायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे. "यंदा तहान फार लागते बुवा," एवढंच म्हणायचे. मास्तरीणबाईंना वाटायला लागलं, जीभ गेली तरी हात गेला नाही आपला. भांडी घासताना गुणगुणायलासुद्धा लागल्या बाई.

मग सुनेची सुट्टी आली. तिघं एकत्र बसली. सुनेने पहिला घास तोंडात घातला आणि तिचे डोळेच विस्फारले. गिळावा की काढावा, कळेना पोरीला. तिने सासूकडे बघितलं आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तरांनी समोरून असे डोळे वटारले की तिने घास तसाच गिळला.

"छान झालंय, अम्मी," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

मास्तरीणबाईंनी ते वटारलेले डोळे पाहिले. सुनेचं पाणी पाहिलं. मास्तरांच्या शेजारचा रिकामा तांब्या पाहिला. आणि मग त्यांनी आपल्याच हाताने आपली वाटी सर्रकन पुढे सरकवली. या घरात त्यांनी वाटी सरकवली ती पहिल्यांदाच.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून? जेव गप," मास्तर म्हणाले.

"मला चव लागत नाही हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

मास्तरांनी घास ताटात ठेवला. "पहिल्याच दिवशी. दुकानातून स्वयंपाकघर दिसतं मला. तू थेंब जिभेवर ठेवलास, थुंकलीस, परत ठेवलास, परत थुंकलीस. आणि मग डाव हातात धरून नुसती उभी राहिलीस. तुझा चेहरा बघवेना मला."

"म्हणून रोज हे खात होता? एक दिवस खारट, एक दिवस अळणी?"

"अळणी एकदाच होतं," मास्तर म्हणाले. "तो दिवस बरा गेला."

सुनेला हसू फुटलं आणि तिने ते पदरात दाबलं. पण मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "जन्मभर एवढ्याशा मिठावरून मला रडवलंत, आणि आता तोंडातून ब्र काढला नाहीत? कीव आली माझी?"

मास्तर उठले. दुकानात गेले आणि सुया टोचायची उशी घेऊन आले. सगळ्या सुया दोरा ओवलेल्या, रांगेत. ती उशी त्यांनी बायकोच्या पुढ्यात ठेवली.

"मला सुईचं नेढं दिसेनासं झालं त्याला किती वर्षं झाली? मी तुला कधी सांगितलं होतं? तू आपणहून रोज सकाळी दुकान उघडायच्या आत दोरे ओवून ठेवतेस. गिऱ्हाइकाला कळू दिलं नाहीस, मुलाला कळू दिलं नाहीस. माझ्याशीसुद्धा कधी त्यावर बोलली नाहीस. ती काय कीव होती?"

 मास्तरीणबाईंचे डोळे घळाघळा वाहायला लागले. मास्तर त्यांच्या शेजारी बसले आणि ओशाळल्यासारखे उशीवरच्या सुया उगाच सारख्या करत राहिले. "आणि ते आधीचं," ते हळूच म्हणाले, "वाट्या सरकवायचो ते. चुकलंच माझं."

सून जवळ सरकली. "अम्मी, तापानंतर असं होतं कधी कधी. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला. कित्येकांची चव परत येते. सगळ्यांची नाही येत, पण कित्येकांची येते."

"आणि नाही आली तर? आराम करू?"

"आराम कसला? रांधायचं तुम्हीच," सून म्हणाली. "मला कुठे येतंय तुमच्यासारखं?"

"मीठ मात्र हात आखडून घाल," मास्तर म्हणाले. "कमी पडलं तर वरून घेईन मी. जास्तीचं काढायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही."

आता मात्र मास्तरीणबाई रडता रडता हसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्सा उकळायला लागला. पडद्यापलीकडे मास्तरांची शिलाईची मशीन थांबली. ते इकडेच बघत असणार. सवयीने मास्तरीणबाईंनी चमच्यात थोडा रस्सा घेतला, फुंकर मारली, ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या. सासूचे शब्द आठवले. ती सवलत होती तापट नवऱ्याच्या बायकोसाठी.

त्यांनी चमचा न चाखता परत पातेल्यात रिकामा केला, वर झाकण ठेवलं, आणि मिठाची बरणी नेऊन मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवली.