सरकारी कोंबडी बसत नाही

कोंबडी अंडं घालते आणि निघून जाते.

एवढीच तक्रार होती. ती सांगायला कमू सूर्यमाळहून जव्हारला आली होती आणि पशुसंवर्धनाच्या कचेरीच्या पडवीत तिला "थांब" म्हणून सकाळपासून बसवून ठेवलं होतं.

आधीचं आधी सांगायला हवं. गेल्या उन्हाळ्यात मानमोडी आली. पाड्यावरच्या गावठी कोंबड्या माना टाकून मेल्या, एकही राहिली नाही. मग योजना आली. घरोघर पांढऱ्या, जाडजूड कोंबड्या आणि एकेक कोंबडा. भाषण झालं, टाळ्या झाल्या. कोंबड्या भराभर अंडी घालू लागल्या आणि घातल्यावर मागे वळून बघेनात. बसवल्या, उठल्या. टोपलं पालथं घातलं, तर आतल्या आत अंडी तुडवली. खुडूक होणं, अंडी उबवायला बसून राहणं, त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते मुद्दाम काढलं होतं. त्याने अंडी वाढतात म्हणे. काढताना पाड्याला कुणी विचारलं होतं?

म्हणून कमूने सहा अंडी फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधली.

(इथे थांबू या. पडवीत ती भिंतीकडे तोंड करून, पदराआड अंडी फिरवते आहे, सगळीकडून ऊब लागावी म्हणून. झालं.)

अंडी बांधली तेव्हा घरी नवरा, बुधा, म्हणाला, "तू खुडूक झालीस. आता भाकर कोण भाजणार?"

"कोंबडा."

सासू धोंडीबाई हसून लोळायची बाकी राहिली. "पोरी, कोंबडीसारखी कुडुक-कुडुक करायला लागू नको म्हणजे झालं!"

हसणं ठीक. पण कमू रात्री कुडाला टेकून बसल्या बसल्या झोपायची. विहिरीवरून येताना कमरेवर कळशी घेता येईना, म्हणून एका खेपेच्या दोन झाल्या. हे कुणाच्या योजनेत होतं?

आणि आज जीपमध्ये, खोडाळ्याला माणसं कोंबली तेव्हा, कुणाचं तरी कोपर लागलं. एक फुटलं. पोटावरून ओघळलं. आत ओलं पिल्लू होतं, चोच आलेलं.

पाच.

"ए बाई," शिपाई भावेश म्हणाला, "पदराखाली काय लपवलंस?"

"अंडी."

"मग बाजारात बस की."

"विकायची नायत. साहेबांना इचारायचंय."

आत साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता. साहेबांनी वर न बघता विचारलं, "काय गं, कोंबडी मेली?"

"नाय. जितीय. बसत नाय."

"अंडी देते ना?"

"देते."

"मग झालं तर!"

"काय झालं? पिल्लं कोण काढणार? आमच्या जातीची एक द्या. गावठी. पाड्याला एकच द्या, पाळीपाळीने बसवू."

"उबवणीचं यंत्र मंजूर आहे. येईल."

"पाड्यावर वीज नाय."

"तीही येईल."

चिव.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाखाली, मग कमूच्या पोटाकडे. कमूने घाईघाईने फडकं सोडलं. एक पिल्लू कवचातून अर्धं बाहेर आलं होतं, ओलं, थरथरत.

साहेब खरोखर खूश झाले. खुर्चीतून उठले. "भावेश, कॅमेरा आण! बघ, योजनेतली अंडी उबतात!"

"मी उबवली."

"तेच ते. उबली ना? मग तक्रार कुठे राहिली? पिल्लू जरा वर धर. हस."

"पंखा बंद करा. गारठतंय ते."

"एक मिनिट, फोटो होऊ दे."

कमूने पिल्लू वर धरलं नाही. पोटाशी सारलं, त्याच्यासोबत उरलेली अंडीही, आणि फडक्याची गाठ करकचून मारली. वळून पंख्याचं बटण तिनेच बंद केलं.

"उबली म्हणून तक्रार नाय? बरं. मग मला कोंबड्यांत मोजा. त्यांना खाद्याचं पोतं देता, ते मला द्या. मी बसते. आणि उद्या विहिरीवर हंडा घेऊन तुमची कोंबडी पाठवा."

"बाई, इथे थट्टा चालणार नाही."

"थट्टा कोण करतंय, साहेब?"

ती टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. पाय वर घेतले, पदर पोटावर नीट ओढला.

"ऊठ तिथून," साहेब म्हणाले.

"चार बाकी हायत. तोवर गावठी कोंबडी शोधा."

भावेश तिला उठवायला दोन पावलं पुढे आला. कमूने नुसती मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो कॅमेरा घेऊन तिथेच उभा राहिला.

खोलीत उकडायला लागलं होतं. पंखा कुणी लावला नाही.